नुसतं पाणी, आणि तीनशे पानं

कोकणातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांना बोटीच्या प्रवासाबद्दल विचारून पाहा. भाऊच्या धक्क्यावरची रेटारेटी, ट्रंका आणि वळकट्या, डेकवर सतरंजी पसरून जागा धरायला पुढे पिटाळलेला धाकटा काका, भोंगा, इंजिनाच्या तेलाचा वास, चोखायला घेतलेलं लिंबू, सगळं भराभरा निघतं. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. पडाव बाजूला येऊन वरखाली होत राहायचा आणि तो वर आला की नेमका त्याच क्षणी खलाशाचा हात धरून पाय टाकायचा. ही गोष्ट तर हातवारे करून सांगितली जाते. अर्ध्या तासाने ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहिलेला असतो. मग लक्षात येतं, की सांगणाऱ्याने समुद्राचं वर्णन असं केलेलंच नाही.

समुद्रप्रवासाची पुस्तकं वाचतानाही हेच कोडं पडतं. जमिनीवरच्या प्रवासात लेखकाला दर वळणावर नवं काहीतरी मिळतं: घाट, देऊळ, बाजार, भांडणारा कंडक्टर. समुद्रावर आठवडेच्या आठवडे चहूकडे तेच पाणी. तरीही त्यावर तीनशे पानांची पुस्तकं निघाली आहेत, आणि ज्याने गेटवे ते एलिफंटापलीकडे लाँच पाहिली नाही त्यालाही ती वाचताना पोटात ढवळतं. हे लेखक भाषेकडून नेमकं काय काम करून घेतात?

## मैलाचे दगड नसलेला रस्ता

दादरला आपली लोकल उभी असते, शेजारची सुटते, आणि क्षणभर वाटतं आपणच निघालो. मग फलाटावरचा खांब दिसतो आणि उलगडा होतो. वेग, अंतर, उंची हे सगळं आपण असल्या खांबांवरून ठरवत असतो. समुद्रावर तो खांबच नसतो. बोट पुढे चाललीय की जागच्या जागी डुलतेय, लाट दोन मीटरची की पाच मीटरची, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून ‘डोंगराएवढ्या लाटा’ हे शब्द वाचकाच्या मनात काहीच उभं करत नाहीत. कुठला डोंगर? पर्वती की कळसूबाई?

त्यात भर म्हणजे डोळा फसवतो. बोट लाटेच्या उतारावर तिरकी असते तेव्हा पायाखालचा डेक हीच आपल्याला सपाटी वाटते, त्यामुळे समोरून येणारी लाट आहे त्यापेक्षा उंच आणि उभी दिसते. प्रामाणिक माणूसही अशा वेळी वाढवून सांगतो.

चांगला लेखक यावर उपाय म्हणून खांब स्वतः रोवतो. जवळची, ठाऊक असलेली वस्तू तो मापासाठी धरतो: डोलकाठी, सुकाणूवरचा माणूस, डेकवरची बादली. थोर हेयरडालच्या ‘कॉन-टिकी’ या पुस्तकात हे फार छान दिसतं. २८ एप्रिल १९४७ रोजी हेयरडाल आणि त्याचे पाच साथीदार पेरूतल्या कायाओ बंदरातून बाल्सा लाकडाच्या तराफ्यावर निघाले आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियातल्या रारोइया बेटाच्या खडकांवर आदळले. तराफा म्हणजे दोरखंडांनी बांधलेले ओंडके, वर बांबूची खोपटी. पाणी हाताच्या अंतरावर. उडते मासे रात्री आपणहून येऊन पडत, आणि सकाळी ते गोळा करणं हे स्वयंपाक्याचं पहिलं काम. लाटा ओंडक्यांच्या फटींतून निथळून जात. दोरखंड लाकडावर घासून रात्रभर कुरकुरत. पॅसिफिकच्या अफाटपणाबद्दल लेखक फार बोलत नाही, पण त्या कुरकुरण्यावरून वाचकाला कळतं की या माणसांच्या आणि महासागराच्या मध्ये काय आहे.

इथे थोडं भूमितीचंही काम आहे. डोळे पाण्यापासून २ मीटर उंचीवर असले तर क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं. आगबोटीच्या २५ मीटर उंच डेकवर उभं राहिलं की तेच १८ किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे तराफ्यावरच्या माणसाचं जग मुळातच लहान असतं, आणि माणसापेक्षा उंच लाट आली की तेही नाहीसं होतं. त्याने जवळच्या गोष्टी लिहिल्या यात नुसती शैली नाही. त्याला दिसतंच तेवढं.

रंगाचं तर विचारूच नका. मराठी प्रवासवर्णनांत जितकं ‘निळंशार’ पाणी सांडलंय, तेवढं अरबी समुद्रात नसेल. प्रत्यक्षात समुद्राचा रंग पाहणाऱ्याच्या कोनावर बदलतो, कारण पृष्ठभागावरून परावर्तित झालेला आकाशाचा प्रकाश आणि पाण्याच्या आतून येणारा प्रकाश यांची त्यात सरमिसळ असते. १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन ‘नारकुंडा’ बोटीने युरोपातून परत येत होते. खिशात मावेल असा एक निकोल लोलक डोळ्याला लावून त्यांनी वरचं परावर्तन छाटलं, आणि पाण्याची आतून येणारी निळाई अधिकच गडद झालेली त्यांना दिसली. त्याबद्दलचं टिपण त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच ‘नेचर’कडे धाडलं. ते प्रवासवर्णन म्हणून कोणी वाचत नाही. पण समुद्र कुठून, कसा आणि कशातून पाहिला हे सांगितल्याशिवाय त्याच्या रंगाला अर्थ नाही, हे त्यातून जितकं स्पष्ट होतं तितकं कुठल्या विशेषणातून होत नाही.

## वारा कसा लिहायचा?

वारा दिसत नाही. ‘जोराचा’, ‘भयंकर’, ‘सुसाट’ म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या काळजावर अवलंबून. ही अडचण लेखकांच्या आधी दर्यावर्दींना भेडसावली होती, कारण एका कप्तानाची झुळूक ही दुसऱ्याची वावटळ असे आणि दोघांच्या नोंदी जुळत नसत. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्याने १८०६ मध्ये आपल्या खासगी रोजनिशीत यावर एक तोडगा लिहून ठेवला. पुढे त्याची शून्य ते बारा अशी श्रेणी पक्की झाली, आणि तिच्यात वाऱ्याच्या वेगाचा आकडा कुठेच नव्हता. वारा जहाजाचं काय करतो, एवढंच होतं. हलक्या वाऱ्यांसाठी सगळी शिडं उभारल्यावर जहाज किती वेगाने जातं ते. जोराच्या वाऱ्यांसाठी किती शिडं ठेवता येतात ते. आणि बारावा म्हणजे ज्यापुढे कुठलंच कापड टिकत नाही तो.

शिडं गेली, आगबोटी आल्या, तेव्हा विसाव्या शतकात हीच श्रेणी समुद्राच्या रूपावरून नव्याने सांगितली गेली. आज ती वाचताना वाटतं, की एखाद्या चांगल्या लेखकानेच विशेषणं छाटून तयार केली असावी.

चौकट : ब्यूफर्टच्या पायऱ्या, निवडक

० : पाणी आरशासारखं.
३ (ताशी १२ ते १९ किमी) : लाटांचे माथे फुटू लागतात, इथे-तिथे पांढरे तुरे.
६ (३९ ते ४९ किमी) : मोठ्या लाटा, सगळीकडे पांढरा फेस, थोडे तुषार.
८ (६२ ते ७४ किमी) : फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओढले जातात.
१० (८९ ते १०२ किमी) : समुद्र पांढरा दिसू लागतो, लांबचं नीट दिसत नाही.
१२ (११८ किमी आणि वर) : हवाच फेसाने आणि तुषारांनी भरलेली.

बाराव्या पायरीवर ‘भीषण’ हा शब्द नाही. हवेत फेस भरलाय म्हटल्यावर श्वास कसा घ्यायचा, हे वाचणारा आपलं आपण ताडतो. समुद्रावर लिहिणाऱ्याची मुख्य युक्ती हीच आहे: कारण दिसत नसलं की परिणाम लिहायचा. खालचे दोन परिच्छेद मी या लेखासाठीच तयार केले आहेत.

पहिला: ‘समुद्र भयंकर खवळला होता. प्रचंड लाटा बोटीवर आदळत होत्या. सर्व प्रवासी अत्यंत घाबरले होते.’

दुसरा: ‘चहाचा पेला टेबलावरून आपणहून निघाला, कडेपर्यंत गेला, जरा थांबला आणि परत आला. पुन्हा निघाला तेव्हा त्याला धरायला कोणी हात पुढे केला नाही. ज्याचा त्याचा हात खाटेच्या दांडीवर होता.’

दुसऱ्यात समुद्र नाही, लाट नाही, भीती हा शब्दही नाही.

## बोट लागते तेव्हा

मराठीत गाडी लागते तशी बोटही लागते. हे का होतं ते थोडक्यात असं. आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, शिवाय वर-खाली होणं जाणवणारी वेगळी इंद्रियं असतात. डोकं हललं की ती मेंदूला कळवतात. केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे कान सांगतात, ‘आपण हलतोय’. डोळ्यांना मात्र भिंत, खाट, दार सगळं आपापल्या जागी दिसतं. हे दोन निरोप जुळत नाहीत आणि त्या गोंधळाची शिक्षा पोटाला मिळते. डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिलं की बरं वाटतं, कारण आता डोळेही तोच निरोप देतात. साधारण पाच सेकंदांत एक असा संथ हेलकावा सर्वांत वाईट.

लेखक हा हेलकावा वाक्यात आणू शकतो, आणि या कामी मराठीची घडण फार सोयीची आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं. ‘नाळ वर चढत, आणखी वर चढत, वाऱ्यात क्षणभर अधांतरी थरथरत, खाली आली.’ बोट कधी कोसळते याची वाट जसं शरीर पाहतं, तसा वाचक त्या ‘आली’ची वाट पाहत राहतो. शिवाय हिंदकळणं, डचमळणं, कलणं, हेलपाटणं अशी क्रियापदं आपल्याकडे ढिगाने आहेत. ती असताना ‘बोट हलत होती’ असं लिहिणं म्हणजे निव्वळ आळस.

पण शरीराबद्दल लिहायचं की नाही, हा लेखकाचा मोठा निर्णय असतो. चार्ल्स डार्विनचंच पाहा. ‘बीगल’ २७ डिसेंबर १८३१ रोजी इंग्लंडहून निघालं. (ब्यूफर्टची श्रेणी अधिकृतपणे पहिल्यांदा वापरली गेली ती याच सफरीवर.) निघाल्यापासून डार्विन आडवा होता. बिस्किटं आणि बेदाणे यापलीकडे पोटात काही ठरत नव्हतं, आणि त्याच्या खासगी रोजनिशीत, वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याचे हाल सविस्तर आले आहेत. छापील पुस्तकात काय आहे? जहाज निघालं, आणि त्यानंतर लगेच ६ जानेवारीला तेनेरीफ आलं. मधले दहा दिवस गायब. बोट लागण्याचा विषय निघतो तो थेट पुस्तकाच्या शेवटाकडे, तोही भावी प्रवाशांना सल्ला म्हणून. पाचेक वर्षांच्या त्या सफरीत त्याचे सुमारे १८ महिने पाण्यावर गेले, पण पुस्तक जमिनीचं आहे. शास्त्रज्ञाला ते शोभतं. प्रवासवर्णन म्हणून मला मात्र रोजनिशीच जास्त खरी वाटते.

सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’मधला अंदमानचा प्रवास याच्या अगदी उलट टोकाला आहे. १९११ मध्ये ‘महाराजा’ बोटीच्या तळाशी, पिंजऱ्यात, इतर बंद्यांच्या दाटीत आणि दुर्गंधीत तो झाला. समुद्र जवळपास दिसतच नाही. वाचकाला मिळतं ते कोंदटलेपण, माणसांची अंगं आणि नाकाशी आलेली घाण. वर उघडा समुद्र आहे ही जाणीव त्यामुळेच जास्त बोचते. मराठीत समुद्रप्रवासावर पुष्कळ नाजूक, सूर्यास्तबहुल लेखन झालं आहे. त्या शेजारी ही पानं ठेवून वाचावीत.

## बहात्तर दिवस, थोडी पानं

समुद्रावरचा बराचसा वेळ कंटाळ्याचा असतो. मार्क ट्वेन १८६७ मध्ये ‘क्वेकर सिटी’ बोटीवरून युरोप आणि पॅलेस्टाईनच्या सहलीला गेला. पहिल्या दिवसांत बोटीवर जो तो रोजनिशी लिहायला बसला होता आणि थोड्याच काळात बहुतेकांच्या वह्या कशा थंडावल्या, याची त्याने मनसोक्त टिंगल केली आहे. कारण उघड आहे. रोज तेच लिहायचं तर आठव्या दिवशी पेन उचलवत नाही.

जाणता लेखक इथे घड्याळाशी खेळतो. जोशुआ स्लोकमने १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या ११ मीटर लांबीच्या शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला माणूस. बरोबर घड्याळ होतं ते एक डॉलरचं, पत्र्याचं. हुआन फर्नांडेझ बेटापासून सामोआपर्यंत ७२ दिवस तो कुठल्याही बंदराला लागला नाही. हा सगळा काळ पुस्तकात थोडक्या पानांत संपतो. उलट तिएरा देल फुएगोच्या सामुद्रधुनीतली एकच रात्र तो चवीने सांगतो. हल्ल्याची भीती होती, म्हणून त्याने झोपण्यापूर्वी डेकभर गालिच्याचे खिळे टोकं वर करून पसरले, आणि मध्यरात्री अनवाणी आलेल्यांच्या किंकाळ्यांनी जागा झाला. ७२ दिवसांना मिळत नाही ती जागा त्या रात्रीला मिळते, आणि वाचक तक्रार करत नाही.

मराठीत हे घड्याळ फिरवण्याची किल्ली क्रियापदाच्या रूपात आहे. ‘सकाळी डेक धुवायचो, दुपारी दोर दुरुस्त करायचो, संध्याकाळी तारे निघायची वाट पाहायचो. एके संध्याकाळी तारे निघालेच नाहीत.’ ‘-यचो’ने महिना सरतो; ‘निघालेच नाहीत’ म्हटल्याबरोबर काळ थबकतो आणि वाचक सावध होतो. कोकणातली आजी गोष्ट सांगतानाही हेच करते, तिला ते कोणी शिकवलेलं नसतं.

रिकाम्या दिवसाचं सोनं कसं करावं, याचं माझं आवडतं उदाहरण बंगालीतलं आहे. स्वामी विवेकानंद जून १८९९ मध्ये कलकत्त्याहून ‘गोलकोंडा’ बोटीने दुसऱ्यांदा पश्चिमेकडे निघाले आणि ‘उद्बोधन’ या नियतकालिकासाठी प्रवासाची हकिगत लिहीत गेले; तीच पुढे ‘परिव्राजक’ झाली. त्या काळी छापील बंगाली भारदस्त असे. यांनी बोलीत लिहिलं. हिंदुस्थानात प्लेग होता, त्यामुळे सुवेझला बोटीवरच्या माणसांनी किनाऱ्याला शिवायचं नाही, असा हुकूम. दिवस फुकट जायचा. पण बोटीच्या मागे शार्क मासे घोटाळू लागले. प्रवासी कठड्यावर लोंबकळले, कोणीतरी थोरला गळ मिळवला, त्याला डुकराच्या मांसाचा तुकडा लावला, आणि पुढे पानंच्या पानं ती शिकार चालते. एक शार्क आमिषाशी येऊन निसटतो, त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याला वाघाचं नाव पडतं, मग दुसरा येतो. संन्याशाने लिहिलेलं हे प्रकरण एखाद्या क्रिकेट सामन्याच्या धावत्या वर्णनासारखं पळतं. बोट मात्र पूर्ण वेळ एका जागी उभी आहे.

## खलाशांचे शब्द आणि वाचकाचा घसा

जहाजावरची भाषा वेगळी असते. आपल्याकडेही तांडेल, नाळ, परबाण, वल्हं, उधाण, भांग हे शब्द किनाऱ्यावर रोजचे आहेत आणि घाटावर अर्धे अनोळखी. लेखकापुढे प्रश्न असतो: हे शब्द वापरले तर वाचक अडखळतो, न वापरले तर जहाज पुठ्ठ्याचं वाटतं.

रिचर्ड हेन्री डेना हा हार्वर्डचा विद्यार्थी. गोवर येऊन डोळे अधू झाले म्हणून शिक्षण सोडून १८३४ मध्ये तो ‘पिल्ग्रिम’ जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला. १८४० मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात शिडांची आणि दोरांची नावं मुसळधार पडतात आणि तो समजावून सांगायला थांबत नाही. वाचक तरीही बुडत नाही, कारण प्रत्येक शब्दाला एखादं काम जोडलेलं असतं: कोणीतरी तो दोर ओढतंय, त्याने हात सोलवटतायत. दोराचं नाव विसरलं तरी सोललेला हात लक्षात राहतो. पुढच्याच वर्षी डेनाने खलाशांच्या शब्दांचा अर्थ देणारं वेगळं पुस्तक काढलं, म्हणजे अर्थ त्याच्याजवळ तयार होते. गोष्टीत ते घुसडायचे नाहीत हे त्याने ठरवलेलं होतं.

एरिक न्यूबीची तऱ्हा निराळी. १९३८ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, तो ‘मोशुलू’ या चार डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजावर लागला. जहाजावरचे हुकूम स्वीडिशमध्ये, आणि पहिल्याच दिवशी त्याला डोलकाठीवर चढवलं गेलं. त्यालाच काही कळत नसल्यामुळे वाचकाचं अडाणीपण झाकलं जातं. दोघं बरोबर शिकतात.

जोसेफ कॉनरॅड मात्र या बाबतीत कडक मास्तर होता. जमिनीवरचे पत्रकार नांगर ‘फेकला’ असं लिहितात, याचा त्याला भयंकर राग. ‘द मिरर ऑफ द सी’ या १९०६ च्या पुस्तकात त्याने यावर चांगलंच तोंडसुख घेतलं आहे: नांगर आधीच जहाजाच्या बाहेर तयार टांगलेला असतो, त्याला फक्त सोडायचं असतं, तो आपल्या वजनाने जातो. आपण मराठीत सर्रास नांगर टाकतो, तेव्हा कॉनरॅडने आपल्यालाही छडी मारली असती. पण त्याचं म्हणणं खरं आहे. चुकीचं क्रियापद वाचकाला चुकीचं चित्र दाखवतं, कोणीतरी लोखंडाचं धूड उचलून भिरकावतोय असं.

## वादळ कधी लिहिलं?

वादळाचं वर्णन वाचताना ते वादळात लिहिलंय की नंतर घरी बसून, हे तपासावं. घरी लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, आणि तो जगला हे मुखपृष्ठावरच्या नावावरून वाचकालाही माहीत असतं. त्यामुळे भीती उभी करायला त्याला बारकाव्यांवर विसंबावं लागतं. डेनाची मोठी रोजनिशी तर परतल्यावर बोस्टनमध्ये सामानाबरोबर हरवली. पुस्तक त्याने त्रोटक टिपणांवरून आणि आठवणीतून उभं केलं. ते इतकं घट्ट विणलेलं आहे याचं एक कारण हे असावं, की जे आठवणीत टिकलं नाही ते आपोआप गळालं.

पत्राचा बाज वेगळा. पंडिता रमाबाईंचं १८८३ चं ‘इंग्लंडचा प्रवास’ मुळात पत्र होतं. पत्राला समोर एक माणूस असतो, त्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा अंदाज असतो, म्हणून त्यात समजावून सांगणं ओघाने येतं.

आता तर वाट पाहायचं कारणच उरलेलं नाही. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. सफर चालू असतानाच ते आपल्या नोंदी इंटरनेटवर टाकत होते. अशा लेखनात वाक्यं तोकडी असतात, हवामान आधी येतं, मोडलेल्या वस्तूंची यादी येते, आणि पुढे काय होणार हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नंतर पुस्तक करताना अशा मजकुरावर हात फिरवायचा मोह अनेकांना होतो. वाक्यं लांबवली जातात, मागाहून सुचलेले विचार आत घातले जातात, आणि डार्विनच्या दहा दिवसांसारखे नेमके हालांचे दिवस गाळले जातात. संपादकांनी शुद्धलेखन जरूर सुधारावं. त्यापुढे त्या पानांना हात लावू नये.